'ते' म्हणजे नेमकं काय? अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा वारसा कसा ठरतो

ऑगस्ट १९७४. आमच्या गावात पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. स्टँडवरून तो आणायचं काम माझ्याकडे होतं. बाबा जेवून आरामखुर्चीत बसले की मोठ्यानं बातम्या वाचायचे. त्या दिवशी पहिल्या पानावर उजवा हात वर करून शपथ घेणाऱ्या एका माणसाचा फोटो होता. जेराल्ड फोर्ड, अमेरिकेचे नवे अध्यक्ष. बाबांनी बातमी संपवली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा माणूस निवडूनच आलेला नाही. ना अध्यक्ष म्हणून, ना उपाध्यक्ष म्हणून."

मी दहा वर्षांचा होतो. लोकशाहीत सत्ता मतांतून येते, हे नुकतंच शाळेत शिकवलं होतं. "मग तो अध्यक्ष कसा झाला?" मी विचारलं. बाबांना उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायला ते कधी कचरत नसत. त्यांनी कात्रीनं तो फोटो कापला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शोधून काढ."

तो कागद आता पिवळा पडलाय, पण माझ्या वहीत अजून चिकटवलेला आहे. त्या एका प्रश्नापायी मी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या इतिहासात शिरलो तो बाहेर पडलोच नाही. जॉर्ज वॉशिंग्टनपासून पुढच्या प्रत्येकाचं एकेक पान त्या वहीत आहे. पण सगळ्यात जास्त पानं मी भरली ती एकाच गोष्टीवर: अध्यक्ष मेला, आजारी पडला, निघून गेला, तर खुर्चीवर कोण बसतं आणि कुठल्या हक्कानं? उत्तर सोपं वाटतं, 'उपाध्यक्ष'. पण ते नीट कागदावर यायला या देशाला जवळपास १८० वर्षं लागली.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात लिहिली गेली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदात एक वाक्य आहे. त्याचा मराठीत आशय असा: अध्यक्षाला पदावरून दूर केलं, त्याचा मृत्यू झाला, त्यानं राजीनामा दिला किंवा त्या पदाचे अधिकार आणि कर्तव्यं पार पाडायला तो असमर्थ ठरला, तर 'ते' उपाध्यक्षाकडे जावं. मूळ इंग्रजीत 'ते'च्या जागी 'द सेम' असे दोन शब्द आहेत. सगळा घोळ या दोन शब्दांत आहे.

'ते' म्हणजे काय? ते पद, की ते अधिकार? मराठीत ही अडचण फार छान कळते, कारण आपण 'ते पद'ही म्हणतो आणि 'ते अधिकार'ही म्हणतो. उपाध्यक्षाकडे पद जात असेल, तर तो स्वतः अध्यक्ष होतो. फक्त अधिकार जात असतील, तर तो उपाध्यक्षच राहून अध्यक्षाचं काम पाहतो.

आपल्याकडच्या शाळेचं उदाहरण घ्या. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि रीतसर नेमणूक होऊन दुसरे आले, तर ते मुख्याध्यापक. पण मुख्याध्यापक दोन महिने आजारी रजेवर गेले, तर सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकांकडे 'प्रभारी' म्हणून काम येतं. ते दाखल्यांवर सही करतात, शिक्का मारतात, पण सहीखाली 'प्रभारी' लिहितात. मुख्याध्यापक रजेवरून आले की हे परत आपल्या वर्गावर. एकाकडे पद असतं, दुसऱ्याकडे कार्यभार. अमेरिकेच्या घटनाकारांनी या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या. आधीच्या मसुद्यात त्या वेगवेगळ्या कलमांत होत्या आणि रोख बराच स्पष्ट होता की उपाध्यक्षानं तात्पुरतं काम पाहावं. शेवटच्या दिवसांत भाषा घासूनपुसून घ्यायला पाच जणांची समिती बसली. तिनं दोन कलमं आवळून एक केलं, आणि तो फरक पुसला गेला.

पुढची ५० वर्षं कुणाला त्याची आठवण झाली नाही, कारण पदावर असताना एकही अध्यक्ष वारला नाही.

मग आला विल्यम हेन्री हॅरिसन. ४ मार्च १८४१ ला त्यानं शपथ घेतली तेव्हा तो ६८ वर्षांचा होता, तोवरचा सर्वांत वयस्कर अध्यक्ष. हवा थंड होती. ओव्हरकोट नाही, डोक्यावर टोपी नाही, अशा अवस्थेत तो जवळपास दोन तास बोलला. आठ हजारांहून जास्त शब्दांचं ते भाषण आजवरच्या सगळ्या शपथविधींत सर्वांत लांब आहे. बरोबर एका महिन्यानं, ४ एप्रिलला, तो गेला. भाषणात थंडी बाधली आणि न्यूमोनियानं गेला, असं शाळेच्या पुस्तकांत असतं. पण त्याचं आजारपण भाषणानंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं, आणि व्हाइट हाउसच्या पाण्यात सांडपाणी मिसळून टायफॉइडसारखा ताप आला असावा, असं अलीकडच्या काही डॉक्टरांचं मत आहे. मला ते जास्त पटतं.

उपाध्यक्ष जॉन टायलर तेव्हा व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये आपल्या घरी होता. परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टरचा मुलगा फ्लेचर मंत्रिमंडळाचं पत्र घेऊन ५ एप्रिलच्या पहाटे त्याच्या दारात पोचला. पत्रावर पत्ता होता: जॉन टायलर, उपाध्यक्ष. म्हणजे मंत्र्यांच्या लेखी तो अजून उपाध्यक्षच होता. टायलर निघाला. घोडा, बोट, रेल्वे, जे मिळेल त्यानं २३० मैल अंतर २१ तासांत कापून ६ एप्रिलच्या पहाटे तो वॉशिंग्टनला पोचला.

आता त्यानं जे केलं, ते नीट पाहा. उतरला होता त्या हॉटेलात त्यानं मंत्र्यांना बोलावलं, विल्यम क्रँच या न्यायाधीशाला बोलावलं आणि अध्यक्षपदाची शपथ घेतली. क्रँचनं त्या शपथेचा दाखला लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की उपाध्यक्ष म्हणून घेतलेली शपथ आपल्याला पुरेशी आहे असं टायलर मानतात, पण पुढे कुणाला शंका येऊ नये म्हणून खबरदारी म्हणून त्यांनी ही शपथ घेतली. दोनेक ओळींचा मजकूर. पण तो वाचताना मला दरवेळी त्या खोलीतला ताण जाणवतो. आपण पुरेसे अध्यक्ष आहोत असं म्हणणारा माणूस, आणि तरीही पुरावा हवा म्हणून हात वर करणारा.

विरोध झालाच. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हा माजी अध्यक्ष तेव्हा प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, सदस्य होता. टायलर स्वतःला 'अध्यक्षाचं काम पाहणारा उपाध्यक्ष' न म्हणता सरळ अध्यक्ष म्हणवतो, हे घटनेच्या व्याकरणाला आणि संदर्भाला सोडून आहे, असं त्यानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. व्याकरणाला! आणि घटनाकारांचा हेतू पाहिला, तर अ‍ॅडम्स बरोबर होता असं माझंही मत आहे. पण टायलर हटला नाही. 'प्रभारी अध्यक्ष' असा पत्ता लिहिलेली पत्रं तो न उघडता परत पाठवायचा. विरोधकांनी त्याला 'अपघाती अध्यक्ष' असं नाव पाडलं. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, एका सदस्यानं त्याला फक्त कामकाज पाहणारा उपाध्यक्ष म्हणावं अशी दुरुस्ती मांडली. ती ३८ विरुद्ध ८ मतांनी पडली. प्रश्न तिथं मिटला. मिटवला तो मतदानानं आणि एका माणसाच्या हट्टानं. घटनेतला शब्द होता तसाच राहिला.

टायलरचं पुढं फारसं बरं झालं नाही. सप्टेंबरमध्ये डॅनियल वेबस्टर सोडून त्याच्या सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, पक्षानं त्याला काढून टाकलं. पण १८५० मध्ये झॅकरी टेलर पदावर असताना वारला तेव्हा उपाध्यक्ष मिलर्ड फिलमोरनं शांतपणे शपथ घेतली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. पायंडा पडला होता. (टायलरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तो १७९० साली जन्मला. त्याला पंधरा मुलं झाली, काही अगदी उतारवयात. त्याच्या मुलालाही उतारवयात मुलं झाली. त्यामुळे टायलरचा सख्खा नातू २०२५ सालापर्यंत हयात होता. वॉशिंग्टनच्या काळात जन्मलेल्या माणसाचा नातू!)

टायलरनं मृत्यूचा प्रश्न सोडवला. पण तसं करताना त्यानं दुसरा, जास्त अवघड प्रश्न तयार करून ठेवला, आणि तो चाळीस वर्षांनी एका आजारी माणसाच्या उशाशी येऊन उभा राहिला.

२ जुलै १८८१. अध्यक्ष जेम्स गारफिल्ड वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात शिरला आणि चार्ल्स गिटो या माणसानं मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत घुसली. गारफिल्ड त्यानंतर अडीच महिन्यांहून जास्त जगला. ते दिवस वाचवत नाहीत. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी आणि अवजारांनी जखमेत गोळी शोधली. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातू ओळखणारं यंत्र घेऊन आला. पण मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून त्यानं उजवी बाजूच तपासायची असं ठरलं. शिवाय गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्राचा आवाज बिघडवला. गोळी डावीकडे होती. खोली थंड राहावी म्हणून नौदलाच्या अभियंत्यांनी बर्फावरून हवा सोडणारं यंत्र बसवलं. सप्टेंबरमध्ये त्याला समुद्राची हवा मिळावी म्हणून न्यू जर्सीतल्या एल्बेरॉनला हलवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी एका रात्रीत स्टेशनपासून बंगल्याच्या दारापर्यंत अर्ध्या मैलाहून लांब रूळ टाकले. शेवटच्या चढावर इंजिन अडलं. मग माणसांनी डबे हातांनी ढकलत दारापर्यंत नेले. १९ सप्टेंबरला तो तिथंच गेला.

या सगळ्या काळात देशाचा अध्यक्ष कोण होता? गारफिल्डच. त्यानं त्या दिवसांत एकाच सरकारी कागदावर सही केली. बाकी कारभार मंत्र्यांनी जमेल तसा रेटला. मग उपाध्यक्ष चेस्टर आर्थरनं काम का नाही हातात घेतलं? घटनेत तर 'असमर्थ ठरला तर' असं स्पष्ट लिहिलं आहे.

इथं टायलरचा पायंडा आडवा आला. घटनेतलं वाक्य एकच आहे. मृत्यूनंतर 'ते' म्हणजे पद असेल, तर असमर्थतेतही 'ते' म्हणजे पदच असणार. म्हणजे आर्थरनं कारभार घेतला, तर तो अध्यक्ष होणार, आणि एकदा तो अध्यक्ष झाला की गारफिल्ड बरा होऊन उठला तरी त्याला खुर्ची परत कशी मिळणार? एकाच वेळी दोन अध्यक्ष असू शकत नाहीत. मंत्रिमंडळात याच मुद्द्यावर फाटाफूट झाली. त्यात आणखी एक अवघड गोष्ट होती. गिटोनं गोळ्या झाडल्यावर आता आर्थर अध्यक्ष होणार असं ओरडून सांगितलं होतं. आर्थर सुरुवातीला काही दिवस वॉशिंग्टनला जाऊन आला, पण कारभार हातात न घेता न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी परतला. त्याच्यावर लोक पुढारीपणाच्या राजकारणाचा शिक्का मारत, पण त्या उन्हाळ्यात तो ज्या संयमानं वागला, त्याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

२० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्यानं घरातच शपथ घेतली. आणि तेव्हा लक्षात आलं की आता याच्यानंतर कोणीच नाही. त्या वेळच्या कायद्यानं उपाध्यक्षानंतर सिनेटचा हंगामी सभापती, मग प्रतिनिधिगृहाचा सभापती असा क्रम होता, आणि दोन्ही पदं त्या क्षणी रिकामी होती. आर्थरनं सिनेटची बैठक बोलावणारा आदेश लिहून टपालानं व्हाइट हाउसला पाठवला. वाटेत आपल्याला काही झालं, तरी निदान सिनेट बसून सभापती निवडू शकेल एवढ्यासाठी. एक पाकीट, एवढाच काय तो देशाचा विमा.

इथं थोडं आपल्याकडे येऊ, म्हणजे हा घोळ किती टाळता येण्यासारखा होता ते दिसेल. भारताच्या घटनेचा ६५वा अनुच्छेद दोन वेगळ्या तुकड्यांत लिहिला आहे. राष्ट्रपतिपद मृत्यू, राजीनामा अशा कारणानं रिकामं झालं, तर नवे राष्ट्रपती निवडून येईपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम करतील. आणि ही निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यायची. आणि राष्ट्रपती आजारी असतील किंवा गैरहजर असतील, तर ते परत कामावर येईपर्यंत उपराष्ट्रपती फक्त त्यांची कामं पाहतील. आपल्याकडे 'ते'ची भानगड शिल्लकच ठेवलेली नाही.

या दोन्ही प्रकारच्या प्रसंगांशी एका माणसाचा संबंध आला, आणि तो माणूस आपल्या नागपूरचा म्हणता येईल. मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, तिथंच वकिली केली, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती गिरी काम पाहू लागले, पण निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी जुलैत राजीनामा दिला. उपराष्ट्रपतीही नसेल तर काय, यासाठी संसदेनं मे महिन्यातच कायदा केला होता: भारताचे सरन्यायाधीश. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला होते. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ ते राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते. पुढे ते उपराष्ट्रपती झाले, आणि १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले तेव्हा त्यांनी ६५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या तुकड्याखाली त्यांची कामं पाहिली. झैलसिंग परत आले, हिदायतुल्ला आपल्या जागी परत गेले. गारफिल्डच्या मंत्र्यांना जे जमेल की नाही कळत नव्हतं, ते इतकं सरळ झालं.

आणि १९६९ च्या त्या पाच आठवड्यांतच एक मोठा पाहुणा दिल्लीत आला. ३१ जुलैला कार्यवाहक राष्ट्रपती हिदायतुल्ला यांनी त्याचं स्वागत केलं. तो पाहुणा होता रिचर्ड निक्सन, अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष.

पुन्हा अमेरिकेकडे. १८९३ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंडच्या जबड्यात गाठ निघाली. देशात आर्थिक पेचप्रसंग होता, बातमी फुटली तर बाजार कोसळेल ही भीती होती. मग एका खासगी बोटीवर, पाण्यात, शस्त्रक्रिया करून वरच्या जबड्याचा भाग काढला आणि रबराचा तुकडा बसवला. उपाध्यक्षाला काहीही सांगितलं नाही. एका वर्तमानपत्रानं छापलं तर ते खोटं ठरवलं गेलं. खरं काय ते एका डॉक्टरनं १९१७ मध्ये उघड केलं.

पण क्लीव्हलंड निदान शुद्धीवर आला आणि कामाला लागला. वुड्रो विल्सनचं तसं झालं नाही. २ ऑक्टोबर १९१९ ला त्याला पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पत्नी एडिथ आणि खासगी डॉक्टर केरी ग्रेसन यांनी दार लावून घेतलं. मंत्र्यांचे कागद एडिथकडे जायचे. कुठला आत न्यायचा आणि कुठला नाही, हे ती ठरवायची. कागद परत यायचे ते समासात तिच्या हस्ताक्षरातल्या टिपणांसह. उपाध्यक्ष थॉमस मार्शलला आजाराचं खरं स्वरूप एका बातमीदाराकरवी गुपचूप कळवलं गेलं. त्यानं काही हालचाल केली नाही. गारफिल्डच्या वेळची तीच धास्ती. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंगनं स्वतःहून मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, तर विल्सननं त्याचा राजीनामा मागितला.

डिसेंबरमध्ये दोन सिनेटर खोलीत जाऊन अध्यक्षाला पाहून आले. तयारी नीट केली होती. दिवे मंद ठेवले, विल्सनचा डावा हात पांघरुणाखाली झाकला, लागतील ते कागद उजव्या हाताशी ठेवले. सिनेटर बाहेर येऊन म्हणाले, अध्यक्षांची बुद्धी शाबूत आहे. याच महिन्यांत विल्सनच्या आयुष्याचं स्वप्न असलेला राष्ट्रसंघाचा करार सिनेटमध्ये दोनदा पडला. तडजोड करू शकेल असा अध्यक्ष खोलीत नव्हता, आणि खोलीबाहेर दुसरा कुणी अध्यक्ष होऊ शकत नव्हता. त्याची मुदत संपेपर्यंत, मार्च १९२१ पर्यंत, हे असंच चाललं. माझ्या मते त्या देशाच्या इतिहासातली ही सर्वांत धोक्याची सतरा महिन्यांची पोकळी आहे.

आयझेनहॉवरला १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढच्या वर्षी आतड्याची शस्त्रक्रिया झाली, १९५७ मध्ये मेंदूचा सौम्य झटका. तो लष्करी माणूस. आपण बेशुद्ध असताना आज्ञा कोण देणार हा प्रश्न त्याला टोचत राहिला. १९५८ मध्ये त्यानं उपाध्यक्षाशी एक पत्र करून ठेवलं: मी असमर्थ झालो तर तुला सांगेन, सांगण्याच्या स्थितीत नसलो तर तू सल्लामसलत करून ठरव, आणि बरा झालो की काम परत कधी घ्यायचं ते मी ठरवीन. तो उपाध्यक्ष होता रिचर्ड निक्सन. पत्र समंजस होतं, पण कायद्याचं बळ त्याला नव्हतं. दोन सज्जनांमधला शब्द, एवढंच.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. लिंडन जॉन्सननं विमानातच शपथ घेतली. टायलरचा नियम पुन्हा चालला. (अशा शपथांतली मला सगळ्यात आवडणारी १९२३ मधली: हार्डिंग गेल्याची बातमी आली तेव्हा कॅल्विन कूलिज व्हरमाँटमधल्या खेड्यात वडिलांच्या घरी होता. पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या त्याच्या वडिलांनीच त्याला शपथ दिली.) पण १९६३ मध्ये लोकांनी दूरचित्रवाणीवर जॉन्सनला काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, बोलताना पाहिलं, आणि त्याच्या मागे बसलेल्या दोघांना पाहिलं. उपाध्यक्षपद रिकामं होतं. ते भरायची सोयच घटनेत नव्हती. पुढचा क्रम होता प्रतिनिधिगृहाचा सभापती मॅकॉर्मॅक, वय ७१, आणि त्यानंतर सिनेटचा हंगामी सभापती कार्ल हेडन, वय ८६. खुद्द जॉन्सनला १९५५ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. अण्वस्त्रांच्या काळात हे चित्र लोकांच्या अंगावर आलं.

इंडियानाचा तरुण सिनेटर बर्च बे यानं हे काम अंगावर घेतलं. काँग्रेसनं जुलै १९६५ मध्ये प्रस्ताव मंजूर केला, तीन चतुर्थांश राज्यांनी मान्यता दिली आणि १० फेब्रुवारी १९६७ ला पंचविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिचे चार भाग आहेत. प्रत्येक भाग वाचताना मला त्यामागचा माणूस दिसतो.

पहिला भाग एका वाक्याचा. अध्यक्ष मेला, हटवला गेला किंवा त्यानं राजीनामा दिला, तर उपाध्यक्ष अध्यक्ष 'होईल'. टायलरनं हॉटेलातल्या खोलीत जे ठासून सांगितलं, ते १२६ वर्षांनी घटनेत आलं.

दुसरा भाग: उपाध्यक्षपद रिकामं झालं, तर अध्यक्ष नाव सुचवेल आणि दोन्ही सभागृहांनी बहुमतानं ते मंजूर करायचं. तोवर हे पद सोळा वेळा रिकामं झालं होतं आणि दरवेळी पुढच्या निवडणुकीपर्यंत तसंच राहिलं होतं.

तिसरा भाग रजेच्या अर्जासारखा आहे. मी काही काळ असमर्थ आहे, असं अध्यक्षानं दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांना लिहून कळवायचं. मग उपाध्यक्ष 'प्रभारी अध्यक्ष'. बरा झालो असं दुसरं पत्र आलं की कार्यभार परत. गारफिल्डच्या वेळी हे असतं तर! आता भूल देऊन तपासणी करायची असली की हे सहज होतं. बुशनं २००२ आणि २००७ मध्ये काही तासांसाठी केलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडेनच्या तपासणीदरम्यान ८५ मिनिटं कमला हॅरिस प्रभारी अध्यक्ष होती. ते अधिकार हाती आलेली पहिली स्त्री.

चौथा भाग विल्सनच्या बंद दारासाठी आहे, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा. अध्यक्ष स्वतः सांगू शकत नाही किंवा सांगायला तयार नाही, अशा वेळी उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचं बहुमत मिळून 'अध्यक्ष असमर्थ आहे' असं लिहून देऊ शकतात. त्या क्षणी उपाध्यक्ष प्रभारी होतो. अध्यक्षानं 'मी ठणठणीत आहे' असं लिहून कळवलं, तर त्याचे अधिकार परत मिळतात. पण उपाध्यक्ष आणि मंत्र्यांना चार दिवस दिलेले आहेत. त्या चार दिवसांत त्यांनी पुन्हा 'नाही' म्हटलं, तर निकाल काँग्रेसकडे जातो. अधिवेशन चालू नसेल तर ४८ तासांत बसायचं आणि २१ दिवसांत ठरवायचं. अध्यक्षाला दूर ठेवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. तेवढी मिळाली नाहीत, तर अध्यक्ष आपल्या खुर्चीत. यात उपाध्यक्षाशिवाय पान हलत नाही, हे ध्यानात घ्या. हा भाग आजवर एकदाही वापरलेला नाही. मार्च १९८१ मध्ये रेगनला गोळी लागली तेव्हा कागद तयार झाले होते, सह्या झाल्या नाहीत.

आता बाबांनी कापून दिलेल्या फोटोकडे येतो.

१० ऑक्टोबर १९७३ ला उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यूनं करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा दिला. हेच सात वर्षांपूर्वी झालं असतं, तर ही जागा रिकामी राहिली असती. आता दुसरा भाग लागू झाला. निक्सननं मिशिगनचा प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड याचं नाव सुचवलं. सिनेटनं ९२ विरुद्ध ३, प्रतिनिधिगृहानं ३८७ विरुद्ध ३५ मतांनी ते मंजूर केलं. त्याला देशभरातून मत देणारे तेवढेच. दरम्यान वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपल्याचं प्रकरण, निक्सनच्या गळ्याशी आलं होतं.

९ ऑगस्ट १९७४ च्या सकाळी एक पत्र परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजरच्या टेबलावर आलं. अध्यक्षाचा राजीनामा परराष्ट्रमंत्र्याच्या कार्यालयात द्यायचा असतो, हा नियम १७९२ च्या कायद्यापासून चालत आलेला. पत्रात मायना आणि सही सोडून एकच ओळ: मी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. खाली किसिंजरची आद्याक्षरं आणि वेळ, ११ वाजून ३५ मिनिटं. बाराच्या ठोक्यानंतर व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये फोर्डनं उजवा हात वर केला. तुम्ही मला मतपत्रिकेनं निवडलेलं नाही याची मला पुरती जाणीव आहे, असं त्यानं त्याच वेळी देशाला सांगितलं. चार महिन्यांनी त्याच दुसऱ्या भागाखाली नेल्सन रॉकफेलर उपाध्यक्ष झाला, आणि देशातल्या सर्वोच्च दोन्ही पदांवर न निवडलेली माणसं बसली.

हे सगळं जुळवून मी बाबांना सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या टायलरची परत पाठवलेली पत्रं, त्यांत काय लिहिलं होतं?"